भिंतीला झाप

आमच्या वरच्या वाड्यावरच्या बालवाडीत मी बावीस वर्षं मदतनीस होते. मदतनीस म्हणजे मुलांची पेज शिजवायची, त्यांची नाकं पुसायची आणि पाणी भरायचं. पेज आणि नाकं यांची काही तक्रार नाही. पाण्याने मात्र माझे गुडघे खाल्ले. विहीर, म्हणजे आमच्या तोंडी बाव, खाली कृष्णनाथाच्या बागायतीत. तिथून वर यायला चिऱ्यात खोदलेल्या बासष्ट पायऱ्या. नळ आला, त्याचं उद्घाटन झालं, नारळ फुटला, पाणी काही आलं नाही. चढावर दाब पुरत नाही म्हणाले. कृष्णनाथाचा पंप त्याच्या पोफळींपुरता, चढ त्यालाही झेपत नाही. मग उरले कोण, तर मी आणि माझी कळशी.

पाण्यासाठी माणसं खूप येऊन गेली. फूटपट्टी घेऊन आली, फोटो काढून गेली, सह्या घेऊन गेली. दर वेळी मी त्यांना चहा केला आणि त्या चहाचं पाणीही मीच खालून आणलं. म्हणून सिद्धी पहिल्यांदा आली तेव्हा मी तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. म्हापशाची मुलगी, इमारतींचे नकाशे काढायचं शिकलेली, वय आमच्या लेकीहून, दिपालीहून कमी. आमची बालवाडी चालवणाऱ्या संस्थेने तिला पाठवलं होतं. भर जुलैचा महिना होता. बाकीचे लोक छत्री उघडून पडवीत उभे राहायचे, ही बया तासभर पावसात माडाखाली उभी. मला वाटलं, हिचं काहीतरी बिनसलंय.

मग तिने मला विचारलं, माडाच्या अंगावरून एवढं पाणी येतं ते कुणी धरत नाही का. मी म्हटलं, माझी आई धरायची. केळीचा सोप, म्हणजे खोडाचं पन्हळीसारखं साल, घ्यायचा, माडाच्या कमरेला तिरका बांधायचा आणि टोकाखाली भांडं ठेवायचं. पावसाचा जोर असला की जेवण वाढून उरकेपर्यंत भांडं भरतं. हे सांगताना मला काही विशेष वाटलं नव्हतं. तिने मात्र माझ्याकडून सोप बांधून घेतला, भांडं भरेपर्यंत घड्याळ लावून बसली, मग केळीच्या बनात गेली आणि पानावरून पाणी कसं उतरतं ते बघत राहिली. पान कडेने उंच, मधे दांडा खोल, शिरा सगळ्या दांड्याकडे उतरत्या. पाऊस पानावर कुठेही पडो, शेवटी दांड्यातच येतो. बावीस वर्षं मी त्याच बनातून कळशी घेऊन चढत होते आणि मला हे कधी दिसलं नाही, याचा थोडा रागही आला.

त्यातून तिची भिंत झाली. छपरावरचं पाणी का नको, असं आम्ही विचारलं होतं. छपरावर सिमेंटचे जुनाट पत्रे, त्यांच्यावरचं पाणी मुलांच्या पोटात जाता कामा नये, असं ती म्हणाली. पत्रे बदलायला संस्था तयार नव्हती. मग तिने पश्चिमेची भिंत घेतली. आमच्याकडे जून-जुलैचा पाऊस वरून पडत नाही, तो आडवा येतो, समुद्राकडून, आणि थेट पश्चिमेच्या भिंतीवर आपटतो. ती भिंत तिने पत्र्यांच्याही वर चार हात उंच नेली आणि तिला बाहेरून भाजलेल्या मातीची पानं लावली. डिचोलीच्या सगुण कुंभाराने ती घडवली होती. प्रत्येक पानाला मधे दांडा आणि दोन्ही बाजूंनी उतरत्या शिरा, वरच्या पानाचं टोक खालच्या पानावर. भिंतीच्या पायाशी चिऱ्याची पन्हळ आणि पन्हळीचं पाणी जमिनीखालच्या टाकीत. मे महिन्यात काम पुरं झालं तेव्हा सगळा वाडा बघायला आला. लाल, ओळीने पानंच पानं. खरं सांगते, आमच्या वाड्यावर इतकं देखणं काही कधी बांधलं गेलं नव्हतं.

पण संस्थेचं म्हणणं वेगळंच होतं. नऊ मुलांसाठी वर एक बालवाडी आणि खाली दीड किलोमीटरवर दुसरी, तिथे नळालाही पाणी. मग वरची हवी कशाला. संस्थेच्या बाई येऊन स्पष्टच सांगून गेल्या, की ऑगस्टमध्ये टाकीचं झाकण उघडून मोजू. आत लाल खूण केली आहे, पाणी तिथवर असेल तर वरची बालवाडी राहील, नसेल तर मुलं खाली जातील. नऊपैकी सात मुलांच्या आया सकाळी सातला काजूच्या कारखान्यात नाहीतर मोरजीच्या हॉटेलांत कामाला जातात. दीड किलोमीटर खाली पोर सोडून कामावर वेळेत पोचायचं म्हणजे जमणारच नाही. बालवाडी गेली तर पोरं घरी राहणार किंवा कामं सुटणार. हे सगळ्यांना माहीत होतं.

सिद्धीने जाण्याआधी आम्हाला बसवून समजावलं. पहिल्या दोन दिवसांचं पाणी बाहेर सोडा, मग बूच लावा. टाकीचं झाकण बंद ठेवा, मोजणीपर्यंत उघडू नका, डास होतील. पन्हळीतला पाला काढा. आम्ही माना डोलावल्या. बालवाडीची शिक्षिका सुविधा हिने सगळं वहीत लिहून घेतलं. एकच गोष्ट सिद्धीने सांगितली नाही, कारण म्हापशाच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीला ती सुचायचं कारण नव्हतं. आणि आम्ही विचारली नाही, कारण आम्हाला ती विचारायची असते हेच ठाऊक नव्हतं.

ती गोष्ट म्हणजे झाप. माडाची चुडतं, म्हणजे झावळ्या, विणून झाप करायचे आणि मिरगाच्या आधी घराच्या पश्चिमेच्या भिंतीला बांधायचे, म्हणजे झड भिंतीला लागत नाही. चिऱ्याची भिंत असो, मातीची असो, दोन महिने आडवा पाऊस खाल्ला की ती फुगते, पोपडे धरते. म्हणून भिंतीला झाप. हल्ली पुष्कळ जण निळं प्लॅस्टिक लावतात, पण आमच्या वाड्यावर अजून झापच, आणि त्याचं कारण माझा नवरा बाबली. चारचौघांत मी त्याला अहो-जाहो करते, लिहिताना तेवढं जमत नाही. तो दोडामार्गाकडचा. डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, त्यानंतर त्याला कुणी फारसं कशाला बोलावलं नाही. फक्त मे महिना आला की सगळ्यांना बाबली आठवतो. त्याच्यासारखा झाप कुणी विणत नाही आणि त्याच्यासारखा कुणी बांधत नाही. वर्षातले ते पंधरा दिवस तो सरळ मानेने चालतो.

मेच्या शेवटी माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर सहा आठवडे जिने-पायऱ्या बंद, म्हणून मी दिपालीकडे मोरजीला राहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी सकाळी उठून नुसती बसत होते. पोदेर दाराशी पाव देऊन जायचा, लेक चहा हातात द्यायची, नळ सोडला की पाणी यायचं. मला लाज वाटत होती आणि सुखही वाटत होतं.

जूनच्या तीन तारखेला बाबलीचा फोन आला. आवाज वेगळाच होता, खुशीत असला की असतो तसा. वाड्यावरच्या सगळ्यांनी चुडतं दिली म्हणाला. कृष्णनाथाने तर खास आपल्या बागेतली हिरवी तोडून दिली. दोन दिवस सगळे खपले. सुविधाने चहा आणि भजी केली. मग तो म्हणाला, “बालवाडीच्या भिंतीक झाप बांधलंय. सगळी झाकली. एक थेंब लागूचो नाय.”

मी दिपालीच्या पडवीत पाय लांब करून बसले होते. मला भिंत माहीत होती. तिच्यावरून पाणी कसं उतरतं, कुठे जातं, ते माझ्याच आईच्या सोपापासून सुरू झालं, हेही माहीत होतं. आणि तरी मी म्हटलं, “बरा केल्यात.”

असं कसं म्हटलं, ते मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता त्याचा कंटाळा आलाय. उत्तर एवढंच, की मिरगाच्या आधी भिंतीला झाप बांधले असं कुणी सांगितलं की बरं केलं म्हणायचं असतं. आजवर दर वर्षी म्हणत आले होते. डोक्यापर्यंत ते शब्द गेलेच नाहीत. आणि वाड्यावर तरी काय झालं. इतकी देखणी भिंत, मातीची, मुलीने एवढी मेहनत करून बांधलेली, ती पावसात उघडी टाकायची, या विचाराने सगळ्यांचा जीव वरखाली झाला होता. त्यांनी तिची काळजी घेतली. आजवर बांधले त्यातले सगळ्यात चांगले झाप बाबलीने त्या भिंतीला बांधले, दुहेरी.

सिद्धी तेव्हा पुण्याला दुसऱ्या कामावर होती. तिने जूनमध्ये सुविधाला फोन करून भिंत कशी आहे विचारलं. सुविधा म्हणाली, एकदम व्यवस्थित, काही काळजी करू नका. झाकण उघडायचं नव्हतं म्हणून कुणी उघडलं नाही. मुलांचं पाणी नेहमीसारखं खालूनच येत होतं. ते माझ्या जागी सुविधा आणत होती.

मी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात घरी आले. जावई मोटारसायकलवरून घेऊन आला. वळणावरूनच ती भिंत दिसली. झाप पावसाने काळे पडले होते, पण एकही जागचा हललेला नव्हता. पाऊस आडवा येत होता, झापांवर आपटत होता आणि झापांवरून कुंपणाच्या गडग्यापलीकडे गटारात जात होता. मी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरले आणि तिथेच उभी राहिले. बाबली छत्री घेऊन समोरून आला. माझ्या तोंडाकडे बघून तो भिंतीकडे वळला, परत माझ्याकडे वळला. बोलायची गरज पडली नाही. इतकी वर्षं बरोबर काढली की माणसाचा चेहरा पडताना नीट दिसतो.

झाकण उघडलं तर आत चार बोटं पाणी. बाबलीने त्याच दुपारी एकट्याने सगळे झाप उतरवले. कुणाला हात लावू दिला नाही. भिंत उघडी झाली तेव्हा पानं अगदी नवीकोरी दिसत होती. त्यानंतर पाऊस होता, नव्हता असं नाही. पण जुलै सरला की आमच्याकडे वारा पडतो आणि पाऊस सरळ वरून खाली येतो. छपरावर पडतो, अंगणात पडतो, भिंतीला नुसता शिवून जातो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टाकीत वीतभर पाणी झालं होतं आणि लाल खूण माझ्या कमरेइतकी वर होती. मोजणी पुढच्या सोमवारी.

शनिवारी वाड्यावर बैठक झाली. बाबलीला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं. सगळ्यांनीच चुडतं दिली होती, सगळ्यांनीच भजी खाल्ली होती. टँकर मागवला तर संस्थेला कळणार. शेवटी कृष्णनाथ म्हणाला, बाव आहे, पायऱ्या आहेत, माणसं आहेत. रविवारी सकाळपासून भरू.

तो रविवार मी विसरणार नाही. पंचवीसेक माणसं, बायका जास्त, बासष्ट पायऱ्यांवर खालपासून वरपर्यंत. कळश्या, बाल्द्या, तेलाचे डबे. मला पायऱ्या अजून झेपत नव्हत्या, म्हणून मी टाकीच्या तोंडाशी बसून नुसती ओतत होते. पावसाने पायऱ्या निसरड्या झालेल्या. कुणी हसत नव्हतं, एरवी पाण्यावर बायका जमल्या की हसतात. बाबली त्रेसष्ट वर्षांचा, दोन्ही हातांत दोन बाल्द्या घेऊन तो सकाळपासून चढत-उतरत होता. जेवायला बसला नाही. मी म्हटलं, पुरे. त्याने बाल्दी माझ्यापुढे ठेवली, रिकामी उचलली आणि परत खाली गेला.

दुपारी तीनला पाणी खुणेला लागलं. पण कृष्णनाथ म्हणाला, अगदी काठोकाठ खुणेवर कशाला, बाईंना शंका नको. म्हणून अंधार पडेपर्यंत भरलं. खुणेच्या वर हातभर पाणी झालं. आम्हाला वाटलं, आपण शहाणपणा केला.

सोमवारी संस्थेच्या बाई आल्या, सिद्धी पुण्याहून आली. झाकण उघडलं. सिद्धीने आत टेप सोडला, वर घेतला, बघितला, परत सोडला. मग ती तिथेच चिऱ्यावर बसली आणि दोन्ही हात तोंडावर घेऊन रडायला लागली. आनंदाने रडत होती. बाईंनी कागदावर सही केली, वरची बालवाडी वरच राहील म्हणाल्या, सुविधाच्या पाठीवर थाप मारली. कुणीतरी सांगितलं, बाबलीने भिंतीची फार काळजी घेतली. सिद्धीने उठून बाबलीचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्याचे आभार मानले. तो जमिनीकडे बघत उभा होता. त्या हातांना फोड आले होते, ते तिच्या लक्षात आलं नाही.

झालं, मी म्हटलं. मुलं राहिली, आयांची कामं राहिली. राहिलं पाणी, ते मी आणेन. नोकरीची अजून दोन वर्षं आहेत, उजवा गुडघा शाबूत आहे. लपूनछपून थोडं थोडं आणलं तर कुणाला कळणार नाही. येत्या जूनला भिंत उघडी राहील आणि खोट्याचं खरं होईल. असा मी हिशेब मांडला होता आणि तो मला पटलाही होता.

आठ दिवसांनी सिद्धी परत आली. या खेपेला नकाशा घेऊन. बालवाडीच्या जनेलाखाली, खिडकीच्या उजेडात, मुलांच्या बुटक्या मेजावर तिने तो पसरला. आमोण्याच्या बालवाडीला अशीच भिंत बांधायची, संस्थेने कबूल केलं होतं. ती भराभर बोलत होती. आपल्या भिंतीने अंदाजापेक्षा कितीतरी जास्त पाणी दिलं, म्हणून आमोण्याला निम्मीच भिंत पुरेल, निम्मी पानं. सगुणला तसं सांगून झालंय, दिवाळीनंतर काम सुरू. तिथे पाणी पुरेल म्हणून टँकर बंद करायचं पत्रही संस्थेने तयार ठेवलंय.

आमोण्याची मदतनीस शांता माझ्या ओळखीची. संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात आम्ही शेजारी बसतो. तिच्या दाराशी मांडवी नदी, पण पाणी खारं. टँकर येत नाही त्या दिवशी गोडं पाणी ती अर्ध्या मैलावरून आणते. गेल्या मेळाव्यात ती मला विचारत होती की गुडघ्याला कुठलं तेल लावतेस.

मी नकाशा बघून घेतला. घरी आले आणि बाबलीला सांगितलं की मला सिद्धीला खरं सांगावं लागणार. तो भिंतीला टेकून बसला होता. मग म्हणाला, “सांग. पण माझा नाव घे. वाड्याचा घेव नको.” त्या क्षणी मला त्याची जी माया आली ती लग्नाच्या वर्षातही आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धी निघायच्या आधी मी तिला टाकीपाशी नेलं. मुलं आत कविता म्हणत होती. मी म्हटलं, “ता पाणी पावसाचा न्हय, बाय. आमी बावीतला हाडून ओतला.”

तिला आधी समजलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. झाप, चुडतं, फोन, मी बरं केलं म्हटलं ते, रविवार, पायऱ्या. तिने मधे एकदाच विचारलं, खरं पाणी किती होतं. मी वीत करून दाखवली. ती भिंतीकडे वळून उभी राहिली. मला वाटलं आता ओरडेल, आणि तिने ओरडावं असं मला फार वाटत होतं.

“मला लिहून द्यावं लागेल हे,” ती म्हणाली. “लिहिलं तर ही बालवाडी जाईल. तुम्हाला माहीत आहे ना, देवकीमावशी? मग का सांगितलंत?”

“आमोण्याक शांता आसा,” मी म्हटलं. “तुझी भिंत निम्मीच झाली तर उरलेला पाणी तीच हाडतली. सगळा आयुष्य. आणि कोण तिका इचारूचा नाय, कारण कागदार पाणी आसतला.”

सिद्धीने लिहिलं. तिने आमच्या बाजूने पानभर लिहिलं, हे मला सुविधाने नंतर वाचून दाखवलं. भिंतीत दोष नाही, एक वर्षाची मुदत द्यावी, वाड्याने फसवण्यासाठी नाही तर घाबरून केलं. संस्थेने ते वाचलं असेल. चवथीची सुटी संपली आणि पत्र आलं. मुलं खालच्या बालवाडीत, सुविधा दुसऱ्या गावी, मी खाली. वाड्यावरच्या दोन बायकांनी काम सोडलं. एकीने पोर आईकडे दोडामार्गाला ठेवलं. रस्त्यात समोर आल्या की त्या बाजूला बघतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. माझ्या मनात शांता होती, त्यांच्या मनात त्यांची पोरं होती.

खालच्या बालवाडीत नळ आहे. सोडला की पाणी येतं. बावीस वर्षं जे मागत होते ते मला मिळालं. रोज सकाळी ते बाल्दीत पडताना बघते आणि मला काही वाटत नाही.

यंदाच्या मेमध्ये बाबलीने एकही झाप विणला नाही. माणसं बोलवायला आली होती, तो गेला नाही. आमच्या स्वतःच्या घराची पश्चिमेची भिंतही उघडीच राहिली. आतून ओल आली, खाटेची जागा बदलावी लागली.

मिरग लागला आणि पाऊस सुरू झाला, नेहमीसारखा, आडवा. टाकीतलं जुनं पाणी बाबलीने आधीच उपसून टाकलं होतं; पहिले दोन दिवस त्याने बूच काढून ठेवलं, तिसऱ्या दिवशी लावलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बालवाडीला कुलूप होतं, पण टाकी बाहेरच्या अंगाला आहे. रोज संध्याकाळी मी खालून येईपर्यंत तो तिथे छत्री घेऊन बसलेला असायचा. जुलै सरताना एके दिवशी मी चढ चढून आले तेव्हा तो उभा होता आणि हाताने मला बोलावत होता.

मी गेले. सगळ्या पानांवरून पाणी उतरत होतं, शिरांतून दांड्यात, दांड्यातून खालच्या पानावर, हुबेहूब केळीच्या बनातल्यासारखं. पन्हळ भरून वाहत होती. टाकी खुणेच्या वर जाऊन, काठोकाठ होऊन, झाकणाच्या फटीतून ओसंडत होती आणि ते स्वच्छ पाणी बालवाडीच्या अंगणात, मुलं जिथे रांग करून हात धुवायची तिथून, उतारावर निघून जात होतं. आमोण्याचं निम्म्या भिंतीचं काम थांबलं होतं, आता अख्ख्या भिंतीसाठी सिद्धीला हा आकडा हवा होता, तो मी तिला त्याच संध्याकाळी फोनवर कळवला. पण त्याआधी मी पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं. एवढं रडले की बाबली घाबरला. शेजारी बसला, छत्री माझ्यावर धरली.

“रडतंस कित्याक गो?” तो म्हणाला. “भिंत चलली मगो.”

“चलली म्हणानच रडतंय,” मी म्हटलं.